दोन नंबरच्या कोर्टावरची वाळू

संत तुकाराम नगर, पिंपरी
१२ नोव्हेंबर २०२४

तेजस्विनी वहिनी,

जय भीम. अक्षरावरून ओळखलं असेलच. माझ्या अक्षराला तुम्ही कोंबडीचे पाय म्हणायचात, तेच हे. पाकीट न उघडता चुलीत घालायचा विचार असेल तर सोडून द्या, तुमच्या भावाकडे गॅस आहे. फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलंत, आईला केलंत, शेजारच्या पिंकीच्या फोनवरून लावला तर त्या बिचारीलाही केलंत. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा उद्योग.

तुम्ही आमच्यावर का रागावलात ते मला माहीत आहे. फाउंड्रीत वितळलेलं लोखंड ओतायचा मोठा लॅडल कलंडला आणि दादा त्याखाली सापडला, असं कंपनीने लिहून दिलं. कागद दिला, अंत्यविधीला मात्र काही दिलं नाही. द्यायला काही राहिलंच नाही म्हणाले. आईने तेवढ्यावर जलदान विधी ठेवला आणि तुम्ही भरल्या घरात उठून उभ्या राहिलात. "माणूस दाखवा, नाहीतर माणसाचं काहीतरी दाखवा," म्हणालात. "लॉकरमध्ये डबा आहे, शर्ट आहे, चपला नाहीत. चपला घालून माणूस बाहेर गेलाय." मग पिशवी उचलून मिरजेला भावाकडे गेलात, त्याला चार वर्षं होत आली. आईने तुम्हाला हिणवायला विधी केला नव्हता, वहिनी. तिला रडायला काहीतरी निमित्त हवं होतं.

परवा तुमच्या भावाचा फोन आला होता. तुम्ही अजून शिरोलीला, गोकुळ शिरगावला जाता म्हणे. शिफ्ट सुटायच्या वेळी फाउंड्रीच्या गेटबाहेर उभ्या राहता आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड बघता. वॉचमन तुम्हाला ओळखायला लागलेत. तुमचे भाऊ फोनवर रडले. वहिनी, ते बंद करा. मी भांडायला लिहीत नाही, एवढ्यासाठीच लिहितोय. तुमचं वय काय, तुम्ही असं गेटागेटावर किती वर्षं उभं राहणार?

आता माझी खबर. फाउंड्री बंद पडली ते कळलं असेल. मी सध्या चाकण-तळेगाव रस्त्यावर पॅडल कोर्टावर आहे. नाव ऐकून हसू नका, हा खेळ आहे. काचेच्या मोठ्या पेटीत चौघांनी खेळायचं टेनिस समजा. मागच्या काचेवर आपटून आलेला चेंडूही मारता येतो. जागा खालुंब्र्याच्या धोंडीबांची. आधी तिथे त्यांची कांद्याची वखार होती. ते म्हणतात, "ह्ये टेनिस न्हाई, ब्याडमिंटन न्हाई, मंग हाय तरी काय? पर कंपनीची पोरं येत्यात, मंग आपन कशाला इचारायचं." दोन कोर्टं आहेत आणि दोन्हींच्या जमिनीची देखभाल माझ्याकडे.

जमीन म्हणजे खेळ असतो हो इथे. खाली प्लास्टिकचं गवत आणि गवताच्या मुळाशी वाळू. सरळ उभ्या पात्यांचं गवत असलं की वाळू भरपूर लागते. त्यावर चेंडू टप्पा घेऊन खालून सटकतो आणि खेळणाऱ्याचा पायही सटकतो. कुरळ्या पात्यांच्या गवतात वाळू कमी. तिथे चेंडू शहाण्यासारखा उसळून हाताशी येतो आणि पाय जमीन धरतो. नुसत्या सिमेंटवर खेळलात तर चेंडू चेकाळतो आणि गुडघ्यांचं वाटोळं होतं. वाळू एका जागी साठली तरी खेळ बिघडतो, म्हणून रोज लांब ब्रश ओढून ती सारखी करायची. अंगण सारवल्यासारखंच काम आहे, फक्त पँट घालून करायचं.

नदीची वाळू चालत नाही, ती टोकदार असते आणि पाती कापते. गोल दाण्याची सिलिका वाळू लागते. हे ऐकलं आणि मला हसूच आलं. दादाची आणि माझी अर्धी जिंदगी साच्याच्या सिलिकेत गेली. मी धोंडीबांना म्हटलं, वाळूचं माझ्यावर सोडा. कुठून आणली ते पुन्हा कधीतरी सांगेन.

आई बरी आहे. तुमचं नाव काढते.

तुमचा दीर,
समाधान

पिंपरी
३ डिसेंबर २०२४

वहिनी,

उत्तर नाही. पाकीट परतही आलं नाही, म्हणजे उघडलं गेलं असावं. मी एवढ्यावरही खूश आहे, मला कमी लागतं.

आज एक गोष्ट सांगायची आहे आणि कशी सांगावी ते कळत नाही. दोन नंबरच्या कोर्टावर, मागच्या काचेजवळच्या डाव्या कोपऱ्यात, चेंडू उसळत नाही. पडतो आणि तिथेच राहतो. आधी मला वाटलं वाळू गोळा झाली असेल. ब्रश मारला, हाताने मोकळी केली, पाती उभी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नीला मॅडम म्हणून आमच्या कोच आहेत, सांगवीहून येतात. त्यांनी त्या जागेवर खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडून दाखवला आणि विचारलं, इथे खाली कुणी उशी ठेवलीय का? मी म्हटलं, मॅडम, माझ्याच घरी धड उशी नाही.

त्यांच्या लक्षात आलेली दुसरी गोष्ट मात्र हसण्यावारी नेता आली नाही. त्या कोपऱ्यावर कुणी पाय देत नाही. चांगले दांडगे गडी, काच फोडतील असा फटका मारणारे, त्या बाजूला आले की कोपऱ्याला वळसा घालून जातात आणि चेंडू अलगद वर उचलून देतात. झोपलेलं माणूस ओलांडू नये म्हणून आपण जातो ना बाजूने, तसे. कुणी ठरवून करत नाही. एकाला विचारलं तर म्हणाला, माहीत नाही, तिथे मारावंसंच वाटत नाही.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. संध्याकाळी शेवटचा खेळ संपला की मी ब्रश ओढतो, दाराला कुलूप घालतो आणि किल्ली घरी आणतो. गेल्या सोमवारी सकाळी दार उघडलं तर ब्रशच्या रेघा सगळीकडे जशाच्या तशा होत्या. फक्त त्या कोपऱ्यात दोन पावलांपुरती वाळू बाजूला सरलेली. तिथवर आल्याच्या खुणा नाहीत, तिथून गेल्याच्या नाहीत. नुसतं उभं राहिल्याच्या. थंडी पडलीय, सगळ्या गवतावर दव होतं आणि त्या दोन जागा कोरड्या होत्या. मी हात लावला. वाळू कोमट होती. साचा फोडल्यावर दुसऱ्या दिवशी वाळू हाताला लागते ना, तेवढी. तुम्हाला ते माहीत नसेल, दादाला असतं.

डावं पाऊल बाहेर फाकलेलं होतं. आपल्या दारात चपलांचा कितीही ढीग असला तरी एक डावी चप्पल कायम तिरकी पडलेली असायची आणि तुम्ही येता-जाता ती पायाने सरळ करायचात.

मी पुढचं लिहीत नाही. मी काय केलं म्हणाल, तर ब्रश घेतला, सपाट केलं आणि चहा प्यायला गेलो. अर्धा चहा बशीत सांडला. भित्रा म्हणा, मला चालेल.

आईला सांगितलेलं नाही. तुम्हीही कळवू नका. कळवणार नाहीच म्हणा.

समाधान

पिंपरी
२७ डिसेंबर २०२४

वहिनी,

आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. भूतखेत आपल्यात नसतं, आणि मी कुणाचा उतारा ओलांडला तरी आईने मला कधी मिठाने ओवाळलं नाही. तेव्हा मी ठरवलं की हा दोष जमिनीचा आहे आणि जमिनीचा दोष काढणं हे माझं काम आहे.

दोन नंबरचं गवत असंही बदलायचंच होतं. खेळणाऱ्यांची तक्रार होती की चेंडू फार सटकतो. जुनं सरळ पात्यांचं काढलं, खालचं सिमेंट धुतलं, कुठे खड्डा आहे का ते पाणी ओतून पाहिलं. पाणी कुठेही थांबलं नाही. मग कुरळ्या पात्यांचं नवं गवत घातलं. आता इथे माझ्या हातून फाउंड्रीवाल्याचीच चूक झाली. दुसरा कुणी असता तर जुनी वाळू फेकून नवी मागवली असती. पण फाउंड्रीतला माणूस वाळू फेकत नाही हो. साचा फोडायचा, वाळू चाळायची, पुन्हा साच्यात घालायची. हाताला तेच वळण. मी जुनी वाळू चाळून तीच नव्या गवतात घातली.

पहिले दोन दिवस खेळ झकास झाला. नीला मॅडमनी शाबासकी दिली. तिसऱ्या सकाळी त्याच कोपऱ्यात दोन पावलांपुरतं गवत दबलेलं होतं. कुरळ्या पात्यांत वाळू दिसत नाही, म्हणून ठसा नाही, पण पाती झोपलेली. डावीकडची तिरकी. आणि चेंडू पुन्हा मेला.

तेवढ्यात कादर आला. आठवतो ना? दादाच्या, म्हणजे त्याच्या रत्नाभाऊच्या, हाताखाली लॅडलवर असायचा, ईदला जमिलाभाभीच्या हातचा शीरखुर्मा घेऊन यायचा तो. आता वेल्डिंग करतो. आमच्या कोर्टाची जाळी त्यानेच बसवली, तिचा एक सांधा सुटला होता म्हणून आला होता. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, खरंच नाही. तो कोपऱ्यात गेला, खाली बघितलं आणि हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला.  मग म्हणाला, "समाधानभाऊ, हे पुसू नको. रत्नाभाऊ असाच उभा राहायचा."

मी त्याच्यावर खेकसलो, म्हटलं डोकं फिरलंय का तुझं. तो काम अर्धं टाकून निघून गेला.

मग मी शेवटची गोष्ट करून पाहिली. दोन नंबरची वाळू सगळी ओढून काढली आणि एक नंबरच्या कोर्टावर घातली. दोन नंबरमध्ये बाजारची नवी वाळू भरली. वहिनी, दोन नंबर तेव्हापासून ठणठणीत आहे. चेंडू कुठेही टाका, सारखा उसळतो. आणि एक नंबरच्या डाव्या कोपऱ्यात दुसऱ्याच सकाळी दव नव्हतं.

म्हणजे दोष जमिनीत नाही, गवतात नाही. जे काही आहे ते वाळूबरोबर येतं.

आता सकाळी दार उघडलं की मी आधी त्या कोपऱ्याकडे बघतो. भीती गेली असं नाही, पण तिची सवय झाली. काल ब्रश मारताना मी चक्क म्हणालो, दादा, जरा सरक. म्हणून झाल्यावर मी तिथेच खाली बसलो.

समाधान

पिंपरी
९ जानेवारी २०२५

वहिनी,

वाळू कुठून आणली ते आता सांगतो. आपल्याच फाउंड्रीच्या मागच्या आवारातून. कंपनीला टाळं आहे, पण मागच्या बाजूला वाळूचा ढीग तसाच पडून होता. पावसाने धुतलेली, गोल दाण्याची, फुकट. मी टेम्पो लावला आणि घेऊन आलो. त्यात काही असेल असं माझ्या मनातही आलं नाही. अपघात झाला तेव्हा मी गावी होतो, आलो तोवर सगळं झाडून पुसून झालेलं.

मंगळवारी मी कादरच्या शेडवर गेलो आणि ढिगाचं सांगितलं. त्याने वेल्डिंगचं मशीन बंद केलं. मग त्याने जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहितो, कारण ते तुमच्यासाठीच आहे.

"लॅडल वाळूच्या वाफ्यात कलंडला. रत्नाभाऊ वाफ्यातच उभा होता. लोखंड थंड झाल्यावर तोडून क्रेनने उचललं. उरलेली वाळू फावड्याने भरून मागं टाकली, मीच टाकली. आणि चपला त्याच्या पायात होत्या. सेफ्टी शूज चावत होते, म्हणून चपलांवरच वाफ्यात उतरला. मी बोललो असतो तर कंपनीने सगळं त्याच्यावर ढकललं असतं, तुझ्या आईला भरपाई मिळाली नसती. तेजस्विनीभाभीला मात्र मी सांगायला पाहिजे होतं."

एवढं सांगून तो ओक्साबोक्शी रडला. तुम्हाला त्याचा राग आला तर मी समजू शकतो, मला स्वतःला आला. पण वहिनी, चपला लॉकरमध्ये नव्हत्या, कारण त्या दादाच्या पायात होत्या. तो चपला घालून कुठेही गेलेला नाही.

आता आईला सांगणं भागच होतं. मला वाटलं ती कोसळेल. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, "ने मला तिथं." बुधवारी सकाळी रिक्षाने घेऊन गेलो. तिने वाकून त्या दोन जागांवरून हात फिरवला. रडली नाही. मग आजूबाजूला बघून मला म्हणाली, "आरं, ह्यो खेळायला न्हाई उभा ऱ्हायला. तोंड कुठं हाय ते तर बघ त्याचं."

एवढे दिवस मी त्या खुणा पुसतोय, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. खेळणारा जाळ्याकडे तोंड करतो. या पावलांची बोटं मागच्या काचेकडे आहेत. काचेच्या पलीकडे रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे एका मोठ्या कंपनीचं गेट. शिफ्ट सुटली की तिथे ही गर्दी होते, बसेस लागतात, कुणाकुणाची बायको डबा नाहीतर पोर घेऊन उभी असते. दोन नंबरच्या कोर्टावरूनही तेच गेट दिसायचं.

आई म्हणाली, "कुणाची तरी वाट बघतोय."

वहिनी, तिकडे तुम्ही गेटच्या बाहेरून आत बघत उभ्या आहात. इकडे तो आतून बाहेर बघत उभा आहे. मला कुणी वेड्यात काढलं तरी चालेल, पण दोघांनी अशी दोन गावांत एकमेकांची वाट बघायची हे मला सहन होत नाही. मी आजवर तुम्हाला कधी या म्हटलं नाही. आज म्हणतो. या.

वेळ थोडा आहे, म्हणून हे स्पीड पोस्टने पाठवतोय. धोंडीबांच्या कानावर सगळं गेलंय. माणूस वाईट नाही, पण घाबरला आहे. लिंबू-मिरची घेऊन आला होता, आईने त्याला हात जोडून परत पाठवलं. आता म्हणतो, "मला तुमचं दुख कळतंय, पर धंद्याच्या जागंत आसलं नगं." येत्या रविवारी टेम्पो बोलावलाय. एक नंबरची सगळी वाळू कुठल्यातरी रस्त्याच्या भरावात जाणार. तिच्यावर डांबर पडलं की मग मला काही करता यायचं नाही.

समाधान

पिंपरी
१३ जानेवारी २०२५

वहिनी,

शनिवारी तुम्ही आलात आणि माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत. मी स्वागताला चार वाक्यं पाठ करून ठेवली होती, ती वाया गेली. राग नाही. तुम्ही आलात हेच माझ्यासाठी खूप आहे. पण तुम्ही बराच वेळ काचेबाहेर होतात, तेव्हा आत काय झालं ते तुम्हाला नीट कळलं नसणार, म्हणून लिहितो.

दुपारची वेळ होती, कोर्ट रिकामं ठेवलं होतं. तुम्ही रिक्षातून उतरलात आणि दाराकडे न येता रस्त्याच्या बाजूने चालत काचेपाशी गेलात. तुम्हाला कोपरा कुणी दाखवला नव्हता. तुम्ही बरोबर त्या पावलांसमोर जाऊन थांबलात, गेटांसमोर थांबत असाल तशाच, पर्स छातीशी धरून. मी आतून बघत होतो. तुमच्यामध्ये आणि त्या खुणांमध्ये फक्त काच होती. तुमच्या श्वासाने काचेवर वाफ धरली. वहिनी, तुमच्या बाजूने एक वाफ होती. आतल्या बाजूनेही एक होती, तुमच्यापेक्षा वीतभर उंचावर. कादरनेही पाहिली. तुम्ही पाहिलीत की नाही ते मी विचारणार नाही.

दादा ज्या लोखंडात गेला त्याचे कण वाळूत असणार, म्हणून कादरने फुटक्या स्पीकरचं चुंबक आणलं होतं. भंगारवाले करतात तसं त्याला पांढरं फडकं गुंडाळायचं, म्हणजे चिकटलेला कण चुंबकाला न लागता फडक्याला लागतो. मी आणि कादर दोघं वाकणार होतो, पण आईने दोघांना मागे सारलं. गुडघ्यांवर बसून तिने अख्ख्या कोपऱ्यावरून ते चुंबक फिरवलं. वाळूतून काळे बारीक कण उठून फडक्याला चिकटत होते, उभे राहत होते. ती हाताने गोंजारत होती. पुन्हा पुन्हा फिरवून शेवटी मूठभर जमले. तिने फडकं सोडवून त्याची पुरचुंडी केली आणि तुम्हाला दिसावी म्हणून काचेला लावून धरली.

रस्त्यावरून कंटेनर जात होते. तुमचा आवाज आत आला नाही, पण ओठ कळले. तुम्ही म्हणालात, "एवढासाच?"

आईलाही कळलं. तिने उत्तर दिलं, ते तुम्हाला ऐकू गेलं नाही. हे पत्र मी त्यासाठीच लिहायला बसलो. ती म्हणाली, "जन्मला तवाबी एवढासाच व्हता, पोरी."

मग तुम्ही दाराशी आलात, चपला काढल्यात, आत येऊन आईच्या हातातली पुरचुंडी घेतलीत आणि पदराच्या टोकाला बांधलीत. आईच्या गळ्यात पडून तुम्ही काय म्हणालात ते ती मला सांगत नाही. एवढंच म्हणाली की पुढच्या पौर्णिमेला विधी पुन्हा करायचा आणि त्याला सून बसणार आहे. तुमच्या भावाचा काल फोन आला होता. शिफ्टच्या वेळी तुम्ही घरीच होतात म्हणाले.

तुम्ही रिक्षात बसून गेलात आणि आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो. मग मी ब्रश मारला, कुलूप घातलं.

काल सकाळी टेम्पो यायच्या आधी मी दार उघडलं. कोपऱ्यात काही नव्हतं. ब्रशच्या रेघा काचेपर्यंत सरळ गेलेल्या आणि त्यांच्यावर दव. हात लावला तर गार. चेंडू टाकून पाहिला, उसळून माझ्या हनुवटीला लागला. धोंडीबांनीही टाकून पाहिला आणि म्हणाले, "मंग ऱ्हाऊ दे की वाळू, कशाला टेम्पोचं भाडं." टेम्पो रिकामा परत गेला. मला हायसं वाटायला हवं होतं. मी ब्रश घेऊन उभा राहिलो आणि मला कुणाला सरक म्हणायचं ते कळेना. एवढे दिवस रोज सकाळी घरातलं कुणीतरी माझ्याआधी कामावर आलेलं असायचं. खरं सांगतो, मला फार एकटं वाटलं.

दाराशी मात्र, जिथे तुम्ही चपला काढल्या होत्यात, तिथे वाळूत दोन पावलं उमटलेली होती. डावं बाहेर फाकलेलं. बोटं बाहेरच्या बाजूला, रिक्षा उभी होती तिकडे.

ती मी पुसलेली नाहीत. पण आता मला इथे बसून काही कळायचा मार्ग नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. दादा एवढ्या लांब एकटा कधी गेला नव्हता. तो नीट पोचला का, तेवढं कळवा.

तुमचा दीर,
समाधान